श्वानांमधील दुर्बिणीद्वारे प्रतिबंधात्मक जठरस्थिरीकरण

श्वानांमधील दुर्बिणीद्वारे प्रतिबंधात्मक जठरस्थिरीकरण ही एक पशुवैद्यकीय शस्त्रक्रिया आहे. या शस्त्रक्रियेत कुत्र्याच्या जठराचा निर्गमाकडील भाग उदराच्या उजव्या भित्तीला आतून कायमचा जोडतात, जेणेकरून पुढील आयुष्यात जठर स्वतःभोवती फिरून त्याला पीळ पडू नये. या जोडणीस वैद्यकीय परिभाषेत गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. पोट मोठ्या छेदाने न उघडता लहान छिद्रांतून कॅमेरा व उपकरणे आत घालून ती केली, तर तिला लॅप्रोस्कोपिक गॅस्ट्रोपेक्सी असे म्हटले जाते.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, वाइमरानर, आयरिश सेटर यांसारख्या मोठ्या आणि खोल छातीच्या जातींत जठराला पीळ पडण्याचा धोका अधिक असतो. हा विकार अचानक उद्भवतो आणि उपचार न मिळाल्यास काही तासांतच प्राणघातक ठरतो. शस्त्रक्रिया मात्र त्या क्षणी पूर्णपणे निरोगी असलेल्या प्राण्यावर करावी लागते. त्यामुळे ती कोणत्या कुत्र्यावर आणि कोणत्या वयात करावी, हा पशुवैद्यक व पालक या दोघांच्याही दृष्टीने विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय ठरतो.

पार्श्वभूमी

जठराची रचना

कुत्र्याचे जठर उदरपोकळीत यकृताच्या मागे आडवे असते. डाव्या बाजूस अन्ननलिका त्यात उघडते. तेथून जठर खाली व उजवीकडे वळते आणि उजव्या बाजूस लहान आतड्याच्या आरंभीच्या भागास मिळते. या ठिकाणच्या दारास जठरनिर्गम म्हणतात. त्याच्या अलीकडील निमुळता व जाड स्नायूंचा भाग निर्गमकोटर या नावाने ओळखला जातो. डाव्या बाजूस जठराच्या मोठ्या वक्र कडेला प्लीहा जोडलेली असते. जठराची दोन्ही टोके बंधांनी धरलेली असली, तरी मधला भाग सैल असतो. जेवणानंतर त्याला प्रसरण पावता यावे, यासाठी हा सैलपणा आवश्यकच असतो.

पीळ कसा पडतो

गिळलेली हवा, वायू, द्रव आणि अन्न साचून जठर प्रमाणाबाहेर फुगणे यास जठरविस्तार म्हणतात. फुगलेले जठर फिरले, तर उजवीकडचा निर्गमाचा भाग पोटाच्या तळाकडून डावीकडे सरकतो आणि अन्ननलिकेच्या मुखाजवळ वरच्या बाजूस जाऊन बसतो. कुत्र्याला पाठीवर झोपवून मागच्या पायांच्या बाजूने पाहिल्यास हे फिरणे बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते. ते सामान्यतः १८० ते २७० अंशांचे असते, पण ३६० अंशांपर्यंतही जाऊ शकते. जठराबरोबर प्लीहाही ओढली जाते.

पीळ पडल्यावर जठराची दोन्ही दारे बंद होतात. वायू ढेकरावाटे वर जाऊ शकत नाही आणि आतड्यात पुढेही सरकू शकत नाही. जठर आणखी फुगते व शरीराच्या मागील भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या महानीलेवर आणि यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका नीलेवर दाब देते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाल्याने रक्तदाब घसरतो आणि प्राणी शॉकच्या अवस्थेत जातो. मध्यपटलावर दाब आल्यामुळे श्वसन अपुरे पडते. जठराच्या भित्तीचा रक्तपुरवठा तुटल्यास ती काळी पडून मरू लागते व फाटण्याची शक्यता निर्माण होते. जठर आणि प्लीहा यांना जोडणाऱ्या लहान रोहिण्या तुटून उदरात रक्तस्राव होतो. हृदयस्पंदनांची अनियमितता हीदेखील नेहमी आढळणारी गुंतागुंत असून ती शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतही उद्भवू शकते.

लक्षणे आणि तातडीचा उपचार

ओकारीचा वारंवार प्रयत्न करूनही काहीच बाहेर न पडणे, हे या विकाराचे सर्वांत लक्षणीय चिन्ह होय. अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणे, लाळ गळणे, पोट फुगून नगाऱ्यासारखे ताणले जाणे, धाप लागणे, हिरड्या फिकट पडणे आणि शेवटी कोसळणे ही इतर लक्षणे आहेत. निदान क्ष-किरण चित्राने पक्के होते. त्यासाठी कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवतात. या स्थितीत पिळलेले जठर मध्ये पडदा असलेल्या दोन कप्प्यांसारखे दिसते.

उपचारात प्रथम शिरेतून वेगाने द्रव दिला जातो. नळीने किंवा सुईने जठरातील वायू काढला जातो. त्यानंतर पोट उघडून जठर पुन्हा मूळ जागी फिरवतात, मृत झालेला भाग असल्यास कापून काढतात आणि जठर भित्तीला जोडतात. उपचार मिळालेल्या कुत्र्यांतही मृत्यूचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारणतः १० ते ३० टक्के इतके नोंदवले गेले आहे. जठर केवळ सरळ करून न जोडता सोडल्यास निम्म्याहून अधिक कुत्र्यांत पीळ पुन्हा पडतो. जोडल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. या फरकातूनच, पीळ पडण्याची वाट न पाहता जोखमीच्या कुत्र्यांचे जठर आधीच जोडून घ्यावे, हा प्रतिबंधात्मक विचार पुढे आला.

जोखीम वाढवणारे घटक

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लॅरी ग्लिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात व त्यानंतर या विकाराचा विस्तृत अभ्यास केला. त्यातून आणि इतर संशोधनातून पुढील घटक पुढे आले आहेत:

- जात व शरीराची ठेवण: छातीची खोली तिच्या रुंदीच्या तुलनेत जितकी जास्त, तितका धोका अधिक.
- आनुवंशिकता: आईवडील, भावंडे किंवा पिल्ले यांपैकी कोणाला हा विकार झाला असल्यास धोका वाढतो.
- वय: वाढत्या वयाबरोबर धोका वाढतो.
- आहाराची सवय: घाईघाईने खाणे आणि दिवसातून एकदाच भरपूर अन्न देणे.
- स्वभाव: भित्र्या व सहज ताण घेणाऱ्या कुत्र्यांत प्रमाण अधिक आढळते.

अन्नाचे भांडे उंचावर ठेवल्यास पोट फुगत नाही, असा सल्ला पूर्वी दिला जात असे. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मात्र उंच भांड्याचा संबंध वाढलेल्या धोक्याशी आढळला. त्यामुळे केवळ प्रतिबंधाचा उपाय म्हणून भांडे उंच ठेवण्याची शिफारस आता सहसा केली जात नाही.

याच संशोधकगटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात आयुष्यभरात पीळ पडण्याची शक्यता रॉटवायलरमध्ये ३.९ टक्के, तर ग्रेट डेनमध्ये ३६.७ टक्के मांडली होती. प्रतिबंधात्मक शस्त्रक्रियेमुळे या विकाराने होणारे मृत्यू रॉटवायलरमध्ये २.२ पटींनी, तर ग्रेट डेनमध्ये २९.६ पटींनी घटतील, असा अंदाज त्यात वर्तवला आहे. दोन्ही जाती मोठ्या असूनही लाभात इतके अंतर पडते. त्यामुळे 'कुत्रा मोठा आहे' एवढ्याच कारणावरून निर्णय घेणे पुरेसे ठरत नाही.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि सेंट बर्नार्ड या जाती भारतातील शहरांतही पाळल्या जातात. जातवार आकडेवारी प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील कुत्र्यांवर आधारलेली असल्याने, येथील कुत्र्यांबाबत विचार करताना जातीच्या नावाबरोबर छातीची ठेवण व घराण्यातील इतिहासही पाहणे उपयुक्त ठरते.

इतिहास

कुत्र्यांतील जठरस्थिरीकरण प्रथम पीळ पडलेल्या रुग्णांच्या उपचाराचा भाग म्हणून विकसित झाले. १९७० च्या दशकात पोटाच्या भित्तीतून जठरात नळी बसवण्याची पद्धत वापरात आली. नळी काढल्यावर तिच्याभोवती तयार झालेली जोडणी जठराला धरून ठेवत असे. १९८० च्या दशकात बरगडीभोवती जठराच्या भित्तीची पट्टी गुंडाळण्याची पद्धत, छेद-जोड पद्धत आणि पट्ट्याच्या घराप्रमाणे केलेल्या फटीतून जठराची पट्टी ओवण्याची पद्धत, अशा निरनिराळ्या पद्धतींचे वर्णन झाले. यांपैकी छेद-जोड पद्धत सोपी व भरवशाची असल्याने सर्वाधिक रूढ झाली.

दुर्बिणीद्वारे हीच जोडणी करण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले. १९९६ साली टाचण्यांच्या साहाय्याने केलेल्या दुर्बीण-शस्त्रक्रियेची माहिती प्रकाशित झाली. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे शल्यविशारद क्लॅरेन्स रॉलिंग्ज यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दुर्बीण-साहाय्यित पद्धतीचे वर्णन केले. तिच्या साधेपणामुळे ही शस्त्रक्रिया विशेषज्ञांच्या रुग्णालयांबाहेरही पसरली. पुढे संपूर्ण शिवण उदराच्या आतच घालण्याच्या पद्धती आल्या.

अमेरिकी लष्करात सेवेत घेतल्या जाणाऱ्या मोठ्या श्वानांवर प्रतिबंधात्मक जठरस्थिरीकरण नियमितपणे केले जाते. मोहिमेवर असलेल्या श्वानास काही तासांत शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचवणे शक्य होईलच असे नसल्याने तेथे प्रतिबंधाला विशेष महत्त्व आहे.

शस्त्रक्रियेचे तत्त्व

जठराचा बाह्य पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तो नुसता टाक्यांनी भित्तीला बांधला, तर टाके विरघळल्यावर सुटू शकतो. म्हणून जठराच्या बाहेरच्या दोन थरांना, म्हणजे आवरण व स्नायुस्तर यांना, छेद देतात. तसाच छेद उदराच्या भित्तीच्या आतील बाजूस देऊन दोन्ही जखमांच्या कडा एकमेकींना शिवतात. जखमा भरून येताना दोहोंमध्ये तंतुमय ऊतींचा पूल तयार होतो. टाके काही महिन्यांत विरघळून गेले, तरी हा पूल कायम राहतो. जठराच्या आतील श्लेष्मकलेस छेद दिला जात नाही. त्यामुळे जठरातील पदार्थ उदरात सांडण्याचा धोका टळतो.

जोडणी निर्गमकोटराची आणि उजव्या बाजूसच केली जाते, कारण पीळ पडताना हाच भाग उजवीकडून डावीकडे जातो. तो जागेवर धरून ठेवला की फिरण्याची क्रिया सुरूच होऊ शकत नाही.

पद्धती

पूर्वतयारी

शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी व हृदयाची तपासणी करतात आणि कुत्र्याला काही तास उपाशी ठेवतात. डॉबरमन व ग्रेट डेन या जातींत हृदयाच्या स्नायूंचा आजार आनुवंशिक असल्याने हृदयतपासणीस अधिक महत्त्व असते. शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून केली जाते. उदरात भरलेल्या वायूमुळे श्वसनावर दाब येतो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणून बहुधा यंत्राने श्वास दिला जातो व श्वासातील कार्बन डायऑक्साइडवर सतत लक्ष ठेवले जाते.

दुर्बीण-साहाय्यित पद्धत

१. कुत्र्याला पाठीवर झोपवून बेंबीजवळ मध्यरेषेवर पहिले छिद्र घेतात व उदरात कार्बन डायऑक्साइड भरतात. दाब साधारणतः ८ ते १२ मिमी पारा इतका ठेवतात. या छिद्रातून दुर्बीण आत घातली जाते.
२. दुसरे छिद्र उजव्या बाजूस, शेवटच्या बरगडीच्या २ ते ३ सेंमी मागे, सरळ उदरस्नायूच्या बाहेरच्या कडेला घेतात.
३. दुसऱ्या छिद्रातून चिमटा घालून निर्गमकोटर पकडतात. पकडण्याची जागा जठरनिर्गमापासून सुमारे ५ ते ७ सेंमी अलीकडे, मोठ्या व लहान वक्र कडांच्या मध्यावर असते.
४. दुसरे छिद्र सुमारे ४ ते ५ सेंमीपर्यंत वाढवून जठराचा तेवढाच भाग बाहेर ओढतात. त्याला पीळ पडलेला नाही याची खात्री करून तो तात्पुरत्या टाक्यांनी स्थिर करतात.
५. जठराच्या बाहेरील थरांना सुमारे ४ सेंमी लांबीचा छेद देऊन त्याच्या कडा उदराच्या सर्वांत आतील आडव्या स्नायूला सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात.
६. जोडणी व जठराची दिशा दुर्बिणीतून पुन्हा तपासतात, वायू बाहेर काढतात आणि छिद्रे थरांनुसार बंद करतात.

संपूर्ण दुर्बीण पद्धत

या पद्धतीत जठर बाहेर काढले जात नाही. छेद व शिवण दोन्ही उदराच्या आतच, पडद्यावरील चित्र पाहत केली जातात. बाहेरील जखमा आणखी लहान राहतात. मात्र आत गाठी मारण्याचे कौशल्य दीर्घ सरावाने येते. काटेरी धाग्याला गाठ मारावी लागत नाही. त्याच्या वापरामुळे हे काम सुकर झाले आहे.

निर्बीजीकरणासोबत शस्त्रक्रिया

मादी श्वानात अंडाशय काढण्याची शस्त्रक्रियाही त्याच दुर्बिणीने व त्याच भुलीत करता येते. नर श्वानाचे निर्बीजीकरणही याच वेळी केले जाते. एकाच भुलीत दोन्ही कामे होत असल्याने प्रतिबंधात्मक जठरस्थिरीकरण बहुधा निर्बीजीकरणासोबतच केले जाते.

खुल्या शस्त्रक्रियेशी तुलना

खुल्या पद्धतीत मध्यरेषेवर लांब छेद घेऊन पोट उघडतात. जोडणीचे तत्त्व दोन्हींत एकच आहे. दुर्बीण पद्धतीत जखम लहान असते, वेदना कमी होतात आणि कुत्रा लवकर हिंडू-फिरू लागतो. जठर, प्लीहा व यकृत मोठे दिसत असल्याने रक्तवाहिन्या टाळणे सोपे जाते. दुसरीकडे उपकरणे महाग असतात, प्रशिक्षित शल्यविशारद व भूलतज्ज्ञ लागतात आणि खर्च अधिक येतो. अनुभवी हातांनी केलेली खुली छेद-जोड शस्त्रक्रियाही पीळ रोखण्यात तितकीच भरवशाची आहे. त्यामुळे दुर्बिणीची सोय नसणे हे प्रतिबंध टाळण्याचे कारण ठरत नाही. प्रत्यक्ष पीळ पडलेल्या रुग्णात मात्र खुली शस्त्रक्रियाच केली जाते. तेथे जठर वेगाने सरळ करणे आणि त्याच्या भित्तीची पूर्ण तपासणी करणे गरजेचे असते.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

बहुतेक कुत्र्यांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडले जाते. वेदनाशामक औषधे काही दिवस दिली जातात. सुरुवातीस अन्न थोडे थोडे व अनेक वेळा विभागून देतात. जोडणी पक्की होईपर्यंत, साधारणतः १० ते १४ दिवस, उड्या मारणे, धावणे व जिने चढणे टाळून कुत्र्याला पट्ट्यानेच फिरवावे लागते. जखम चाटू नये म्हणून मानेभोवती शंकूच्या आकाराचा पट्टा बांधतात.

गुंतागुंत

गंभीर गुंतागुंत क्वचित होते. जखमेखाली द्रव साचणे व जखमेत संसर्ग होणे हे सौम्य प्रकार होत. पहिले छिद्र घेताना प्लीहेला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दुर्बिणीतून काम पुढे नेणे सुरक्षित नसल्यास शल्यविशारद पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करतो. शिवताना श्लेष्मकलेपर्यंत छेद जाणे, जठर चुकीच्या जागी जोडल्याने निर्गमास अडथळा येणे आणि जोडणी सुटणे या तांत्रिक त्रुटी आहेत. भुलीचे सर्वसाधारण धोके याही शस्त्रक्रियेस लागू होतात.

परिणामकारकता व मर्यादा

रॉलिंग्ज यांच्या गटाने शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांची एका वर्षानंतर सोनोग्राफीने तपासणी केली, तेव्हा जोडणी टिकून असल्याचे आढळले. जोडणीनंतर पीळ पडल्याच्या घटना अत्यंत विरळ आहेत.

या शस्त्रक्रियेची सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, ती जठराचे फिरणे रोखते, फुगणे नव्हे. जोडणी झालेल्या कुत्र्याचे पोटही वायूने फुगू शकते. फरक इतकाच की, जठराची दारे सहसा बंद होत नाहीत आणि नळीने वायू काढणे शक्य होते. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यातही पोट फुगणे, कोरड्या ओकाऱ्या किंवा अस्वस्थता दिसल्यास तात्काळ पशुवैद्यकाकडे नेणे आवश्यक असते. 'आता याला काही होणार नाही' या समजुतीने केलेला विलंब घातक ठरू शकतो. दिवसातून दोन किंवा अधिक वेळा विभागून अन्न देणे आणि हावरटपणे खाणाऱ्या कुत्र्यासाठी खाण्याचा वेग कमी करणारे भांडे वापरणे या सवयी शस्त्रक्रियेनंतरही उपयुक्त ठरतात.

शस्त्रक्रियेचा निर्णय

ज्या जातींत आयुष्यभराचा धोका मोठा आहे, तसेच ज्या कुत्र्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा विकार झाला आहे, त्यांच्याबाबत प्रतिबंधात्मक शस्त्रक्रियेची शिफारस सर्वाधिक ठामपणे केली जाते. मध्यम धोक्याच्या जातींत कुत्र्याच्या शरीराची ठेवण, वय, भुलीची जोखीम, खर्च आणि रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय जवळ आहे की नाही, यांचा एकत्रित विचार करतात. ग्रामीण भागात राहणाऱ्या पालकांसाठी हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. शस्त्रक्रिया साधारणतः ६ महिने ते २ वर्षे या वयात केली जाते. त्यापुढील वयातील निरोगी कुत्र्यावरही ती करता येते.

या शस्त्रक्रियेविषयी एक आक्षेप प्रजननाच्या अंगाने घेतला जातो. विकाराकडे असलेला कल काही प्रमाणात आनुवंशिक आहे. जठर जोडलेल्या कुत्र्यात तो कधीच उघड होत नाही, परंतु पुढील पिढीत उतरू शकतो. अशा कुत्र्यांची पैदास होत राहिली, तर घराण्यातील दोष झाकला जातो. म्हणून ज्या घराण्यात पीळ पडल्याच्या घटना घडल्या आहेत, त्यातील कुत्र्यांची पैदास न करण्याचा सल्ला पशुवैद्यक देतात. शस्त्रक्रियेमुळे त्या एका प्राण्याचा जीव वाचू शकतो. जातीतील धोका कमी करण्यासाठी मात्र पैदासकारांनी विकाराच्या नोंदी ठेवणे आणि त्या पाहूनच जोड्या ठरवणे आवश्यक असते.